छोट्या ट्रॅक्टरला बॅकहो: निवड, जोडणी आणि चर खोदण्याची रीत

निफाड-दिंडोरीकडे बहुतेक द्राक्षबागायतदारांच्या शेडमध्ये २४ ते २८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर असतोच. ब्लोअर, रोटाव्हेटर आणि खताची ट्रॉली यांवर तो वर्षभर राबतो. बागेतली पाण्याची जुनी मेनलाइन बदलायची वेळ आली की मात्र अडचण होते. दोन ओळींत नऊ-दहा फुटांची जागा, दोन्ही बाजूंनी मांडवाचे अँगल आणि तारा. तिथे साडेसात टनांचा जेसीबी घातला तर झाडं आणि मांडव मोडणार हे ठरलेलं. अशा वेळी आपल्याच ट्रॅक्टरमागे छोटा बॅकहो, म्हणजे खोदायची बकेट लावलेला हायड्रॉलिक हात, जोडावा हा विचार रास्त आहे. पण बाजारात दिसणारे बहुतेक ट्रॅक्टर-बॅकहो ४५-५० एचपीच्या मोठ्या ट्रॅक्टरसाठी बनवलेले असतात. छोट्या ट्रॅक्टरचा बॅकहो बहुधा मुद्दाम बनवून किंवा मागवून घ्यावा लागतो, त्यामुळे काय तपासायचं हे घेणाऱ्यालाच ठाऊक हवं. एचपीचा आकडा विचारण्याआधी दोन गोष्टी पाहा: ट्रॅक्टरचं वजन किती आणि बॅकहो ट्रॅक्टरला नेमका कुठे धरला जातो. या दोन्ही चुकल्या तर बाकी सगळं चांगलं असूनही उपयोग नाही.

काम कोणतं, जमीन कोणती

सहा-सात फूट खोल जाणारा छोटा बॅकहो हे चर खोदायचं यंत्र आहे. पाइपलाइनचे चर, फळझाडांचे खड्डे, शोषखड्डा, बांधाकडेचा पाणी काढायचा चर ही त्याची कामं. १२ इंची बकेटमध्ये दर खेपेला साधारण ३५ लिटर माती येते असं धरा. एक फूट रुंद आणि तीन फूट खोल चराला मीटरमागे सुमारे ०.२७ घनमीटर माती निघते, म्हणजे आठ बकेटा. एका बकेटीला २५ ते ३० सेकंद लागले तर मीटरला चार मिनिटं, तासाला १२ ते १५ मीटर. ट्रॅक्टर पुढे घेणं आणि खोली मोजणं यात वेळ जातो, आणि नवा हात असेल तर तासाला आठ-दहा मीटरही पुरे समजा.

हेच गणित शेततळ्याला लावून पाहा. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, कडांना एकास एक उतार, अशा तळ्यातून सुमारे २,२०० घनमीटर माती निघते. ३५ लिटरच्या हिशेबाने ६२ हजारांवर बकेटा होतात आणि प्रत्येकीला २५ सेकंद धरले तरी ४३० तासांहून जास्त. ते काम पोकलेनचं. छोट्या बॅकहोकडून तळं काढून घ्यायचा नाद करू नका; पिना-बुश तळ्यातच संपतात.

जमिनीचा अंदाज पहारेने घ्या. चराच्या रेषेवर दर ५० फुटांवर पहार मारा. दोन-तीन इंच आत शिरत असेल तर बकेट खोदेल. सिन्नर, येवला, चांदवडकडच्या मुरमात दात असलेली अरुंद बकेट चांगली चालते. मुरमाखाली मांजऱ्या (मऊ, कच्चा दगड) लागला तर वेग निम्म्याहून खाली येतो, पण चर होतो. पहार उडून खण्ण आवाज देत असेल तर तो काळा पाषाण. तिथे हे यंत्र चालत नाही, आणि या वजनाच्या बॅकहोला ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) बसवायचा प्रयत्नही करू नये. हादऱ्याने आधी बूमचे (ट्रॅक्टरकडच्या मुख्य हाताचे) वेल्ड आणि मग ट्रॅक्टरचे हाउसिंग बोल्ट जातात.

निफाड-दिंडोरीच्या काळ्या जमिनीत वेळेला फार किंमत आहे. ओली असताना माती बकेटीत चिकटून बसते आणि दर खेपेला फावड्याने काढावी लागते. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन भेगाळून विटेसारखी कडक होते. वाफसा असतानाच खोदा. उन्हाळ्यातच काम करणं भाग असेल तर तीन-चार दिवस आधी चराच्या रेषेवर सरी काढून पाणी सोडा. ठिबकचं पाणी ओळींच्या मधोमध पोचत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

बागेत काढणी संपल्यापासून एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमारापर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वेलीवर माल असताना मुळं तोडणं परवडत नाही, आणि ओळींतली जागाही पाल्याने आणखी अरुंद होते.

वजनाचं गणित आधी कागदावर

द्राक्षबागेतले हलके ट्रॅक्टर साडेसहाशे किलोच्या आसपास असतात, थोडे भारी हजार-अकराशेपर्यंत जातात. एचपी जवळपास सारखी असूनही बॅकहोच्या दृष्टीने हे दोन वेगळे ट्रॅक्टर आहेत.

एक हिशेब करून पाहू. ट्रॅक्टर ६५० किलोचा, पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर १.५६ मीटर, त्यातले ४० टक्के म्हणजे २६० किलो पुढच्या चाकांवर. मागे ३०० किलोचा बॅकहो, त्याचा भार मागच्या धुरीपासून १.२ मीटर मागे. ३०० गुणिले १.२ भागिले १.५६ म्हणजे २३० किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. उरले ३० किलो. असा ट्रॅक्टर चालतो, पण वळत नाही, आणि छोट्या वरंब्यावरही पुढून उठतो. लिफ्टची क्षमता ७५० किलो लिहिलेली असते म्हणून ३०० किलो सहज उचलेल असं विक्रेता सांगतो. लिफ्ट उचलेलही, पण स्टिअरिंगचं काय ते तो सांगत नाही.

ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या धुरीवर राहायला हवा. वरच्या उदाहरणात तो १३० किलो होतो, म्हणजे आणखी १०० किलो हवेत. पुढच्या धुरीच्या अर्धा मीटर पुढे, बंपरवर वजनं टाकली तर तरफेमुळे ७५-८० किलोत काम भागतं. वजनं कंपनीच्या ब्रॅकेटवरच लावा. बंपरला साखळीने बांधलेला दगड खड्ड्यात हिसका बसला की सुटतो. पुढे लोडर (माती उचलायची बकेट) असेल तर तोच वजनाचं काम करतो.

कागदावरचं गणित प्रत्यक्ष ताडून पाहणं अवघड नाही. पिंपळगाव किंवा लासलगावच्या बाजार आवारात मालाच्या गाड्या तोलतात तसल्या वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवा. एकदा बॅकहोशिवाय आणि एकदा बॅकहो जोडून, बूम दुमडलेल्या स्थितीत. दोन पावत्या हातात आल्या की वाद उरत नाही. हे विकत घेण्याआधी करायचं काम आहे. एवढी तसदी घ्यायला तयार नसलेल्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

हाताशी दोन ट्रॅक्टर असतील तर भारी, फोर व्हील ड्राइव्ह आणि कमीत कमी वेगाचा गिअर असलेला निवडा. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्याने ट्रॅक्टर बाजूला कलंडण्याचा धोका थोडा कमी होतो, पण पुढच्या हलकेपणावर तो उपाय नाही.

जोडणी: थ्री पॉइंट की सबफ्रेम

छोट्या ट्रॅक्टरला वेगळी चेसिस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तेच ट्रॅक्टरचा कणा. बॅकहोचे हात तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकने हलतात. ६३ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) जॅकला १६० बार दाब मिळाला की तो साधारण पाच टनांनी ढकलतो. तरफेमुळे बकेटच्या टोकाला त्यातला थोडाच भाग पोचतो, पण तोही मागच्या टोकाला हिसक्याहिसक्याने मिळत राहिला तर क्लच हाउसिंगला तडा जातो किंवा त्याचे बोल्ट सैल होतात. क्लचजवळ अचानक तेलाचा ओलावा दिसू लागला तर आधी हे तपासा.

म्हणून चांगली जोडणी सबफ्रेमची. मागच्या धुरीखालून पुढच्या धुरीच्या आधारापर्यंत दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्यांची चौकट जाते, बॅकहो तिच्यात दोन मोठ्या पिनांनी अडकतो आणि खोदण्याचा ताण हाउसिंगऐवजी चौकट पेलते. ती तुमच्याच मॉडेलच्या बोल्टच्या छिद्रांना जुळणारी असली पाहिजे. ट्रॅक्टरच्या ओतीव भागांवर वेल्डिंग करून किंवा नवी छिद्रं पाडून बसवलेली चौकट नको. ओतीव लोखंडात वेल्डच्या कडेलाच तडा सुरू होतो.

थ्री पॉइंट लिंकेजवर, म्हणजे अवजारं उचलायच्या खालच्या दोन लिंका आणि वरची टॉप लिंक यांवर, अडकवायचे बॅकहो स्वस्त आणि लावायला सोपे, म्हणून लोक त्यांच्याकडे वळतात. त्यांतला धोका नीट समजून घ्या. ट्रॅक्टरची लिफ्ट फक्त वर उचलते. खाली दाबून धरायची ताकद तिच्यात नसते. बकेट कडक जमिनीत अडकली आणि तुम्ही जोर देत राहिलात की माती सुटण्याऐवजी बॅकहोच वर उचलला जातो, खालच्या लिंका मोकळ्या वर येतात आणि बॅकहोच्या सीटवरचा माणूस ट्रॅक्टरच्या सीटमध्ये किंवा रोलबारमध्ये चिरडतो. टॉप लिंकच्या जागी साखळी असलेला बॅकहो तर कोणत्याही भावात घेऊ नये.

थ्री पॉइंटवरच घ्यायचा असेल तर दोन अटी पाळाव्या लागतात. टॉप लिंक ठोस, स्क्रूची आणि ट्रॅक्टरच्या वर्गाला जुळणारी हवी. शिवाय खालच्या लिंका वर येऊच नयेत यासाठी त्यांच्यापासून ट्रॅक्टरच्या बॉडीवरच्या ब्रॅकेटपर्यंत दोन कडक पट्ट्या हव्यात. छोट्या ट्रॅक्टरवर बहुधा वर्ग १ असतो: खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, टॉप लिंकची १९ ची. वर्ग २ चे माप २८ आणि २५. जाड बॉलमध्ये बारीक पिन बुश न घालता वापरली तर प्रत्येक स्विंगला (बूम बाजूला फिरवताना) ठोका बसतो आणि भोक लांबट होतं. चेक चेन (खालच्या लिंका आडव्या हलू न देणाऱ्या साखळ्या) दोन्ही बाजूंनी सारख्या ताणा. त्या सैल असतील तर बूम उजवीकडे फिरवला की बॅकहो डावीकडे सरकतो आणि चर नागमोडी येतो.

एवढं करूनही थ्री पॉइंटचा बॅकहो मऊ जमिनीपुरताच. मुरूम असेल तर सबफ्रेमचा आग्रह सोडू नका.

पंप आणि तेल

ट्रॅक्टरच्या स्वतःच्या हायड्रॉलिकवर बॅकहो चालवण्याचा सल्ला मिळतो. छोट्या ट्रॅक्टरचा तो पंप लहान असतो, बूम गोगलगायीच्या वेगाने हलतो आणि बॅकहोच्या होसमधून आलेली घाण गिअरबॉक्सच्या तेलात मिसळते. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा वेगळा पंप आणि वेगळी टाकी घ्या.

पंपाचा हिशेब सोपा आहे. फेरीला १६ सीसीचा गिअर पंप, पीटीओ ५४० आणि मधल्या गिअरबॉक्सने तिप्पट वेग, म्हणजे १,६२० फेरे. १६ गुणिले १,६२० भागिले १,००० म्हणजे २६ लिटर, आणि गळती वजा जाता मिनिटाला २३ लिटर तेल. या तेलावर ६३ मिलिमीटर बोअरचा जॅक सेकंदाला १२ सेंटिमीटर सरकतो. हाताळायला हा वेग अगदी बरोबर. १६० बारला यासाठी पीटीओवर सुमारे १० एचपी लागतात, जे २४ एचपीचा ट्रॅक्टर सहज देतो. आता कळेल की एचपीवर अडत का नाही. दाब वाढवून २०० बार केला तर खोदाई वाढत नाही. हलका ट्रॅक्टर मागे ओढला जातो एवढंच. रिलीफ व्हॉल्व्हला (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेला) हात लावून दाब वाढवून देणारे मेकॅनिक भेटतील, त्यांना नको म्हणा.

पंप थेट पीटीओ शाफ्टवर बसवला असेल तर त्याला ट्रॅक्टरच्या बॉडीशी साखळीने किंवा पट्टीने अडवावं लागतं. नाही तर शाफ्टबरोबर पंपच फिरतो आणि होस गुंडाळून तुटतात. साखळी थोडी ढिली ठेवा, म्हणजे पंप शाफ्टवर स्वतःला सरळ करून घेतो आणि सील टिकतं. शाफ्ट छोट्या ट्रॅक्टरवर बहुधा ३५ मिलिमीटरचा, सहा दातांचा असतो, तरी मोजून घ्या. त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवू नका. उपरण्याचं टोक किंवा सैल पायजमा ओढला जायला क्षणही लागत नाही.

टाकी ३० ते ४० लिटरची हवी. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात लहान टाकीतलं तेल दुपारपर्यंत इतकं तापतं की बूम ढिला पडल्यासारखा वाटतो. ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल घाला. टाकीच्या बाहेरून हात ठेवता येत नसेल तर अर्धा तास थांबा. तेल ८० अंशांवर गेलं की सीलं कडक होऊन गळू लागतात. परतीच्या नळीवर फिल्टर नसलेला बॅकहो घेऊ नका. पहिलं तेल आणि फिल्टर ५० तासांनी बदला, कारण नव्या जॅकमधला आणि व्हॉल्व्हमधला लोखंडी कीस याच काळात बाहेर पडतो.

बकेट

६३ ते ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपला १२ इंची बकेट पुरते. मुरमात नऊ इंची, तीन दातांची जास्त चांगली चालते, कारण तोच जोर कमी रुंदीवर पडतो. उलट ओलसर काळ्या मातीत नऊ इंची बकेट गच्च भरून बसते. बकेटचं तोंड मागच्या भागापेक्षा थोडं रुंद असावं, म्हणजे माती सुटते. सटाणा-मालेगावकडे डाळिंबाचे दोन बाय दोन बाय दोन फुटांचे खड्डे काढायचे असतील तर १८ इंची घ्या. त्यात खड्डा दोनदा शेजारी-शेजारी बकेट मारून होतो. २४ इंची बकेट या ट्रॅक्टरला जड जाते. भरलेली बकेट बाजूला फिरवली की त्या बाजूचा पाय (बॅकहोचा जमिनीवर टेकवायचा आधार) जमिनीत रुततो. मांजऱ्यासाठी बकेटऐवजी एकच जाड रिपर दात ठेवा: आधी त्याने फोडायचं, मग बकेट लावून उचलायचं. दात बोल्टने बदलता येणारे हवेत. वेल्ड केलेला दात झिजला की बकेटची ओठपट्टी झिजायला लागते.

खोदण्याआधी

शेतातली जुनी पाइपलाइन, मोटारीची केबल आणि मांडवाच्या ताणाचे गाडलेले दगड कुठे आहेत ते खुंट्या ठोकून दाखवा. ओळीच्या टोकाशी असलेला ताण बकेटीने उचकटला की अख्खी ओळ सैल होते, म्हणून टोकाचे पाच-सहा फूट हातानेच खोदा. रस्त्याच्या कडेला ऑप्टिकल फायबर असते आणि शहराजवळ गॅसची लाइनही. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं आहे. त्यावर जागा नोंदवली की लाइन टाकणाऱ्या संस्थांना कळवता येतं. रस्ता ओलांडायचा असेल तर रस्त्याच्या मालकीप्रमाणे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा बांधकाम विभागाची आणि पालखेडसारख्या कालव्याच्या हद्दीत जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्या. वर ११ केव्हीची तार असेल तर उभा केलेला बूम आणि तार यांत निदान तीन मीटर राहिले पाहिजेत. तेवढं अंतर राहत नसेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेऊनच काम करा.

दुसऱ्याच्या शेतात भाड्याने काम करणार असाल तर विमा कंपनीला ते लेखी विचारा आणि शेतीच्या नोंदणीवर हे चालतं का ते आरटीओतून पक्कं करा. अपघात झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

द्राक्षाच्या ओळीत जागा मोजून पाहा. बॅकहोचे पाय पूर्ण उघडून सात फुटांपेक्षा जास्त पसरत असतील तर नऊ फुटी ओळीत ते वेलीच्या बुंध्याजवळ टेकतात. डिपर (बूम आणि बकेट यांमधला हात) पूर्ण दुमडून बूम बाजूला फिरवा आणि बकेटचं टोक मध्यरेषेपासून किती लांब जातं ते टेपने पाहा. बहुतेक वेळा ९० अंश फिरवताच येत नाही. ४५ ते ६० अंशांतच माती टाकावी लागते. ट्रॅक्टर नेहमी चरापासून दूर, पुढे सरकत जातो आणि मागे चर उरतो. त्यामुळे ओळीच्या बंद टोकाकडून सुरुवात करा आणि ट्रॅक्टरचं तोंड बाहेर निघायच्या बाजूला ठेवा. उलट केलंत तर शेवटी ट्रॅक्टर आत आणि चर वाटेत अशी स्थिती होते.

खोदताना

जागेवर आलात की गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पक्का, पुढे लोडर असेल तर त्याची बकेट जमिनीला टेकलेली. पायांखाली दोन इंच जाड, फूटभर रुंद फळ्या टाका आणि पाय एकामागून एक थोडेथोडे दाबा. मागचं वजन पायांवर आलं पाहिजे, पण टायर जमिनीला टेकलेलेच हवेत. छोट्या ट्रॅक्टरचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. ती हवेत गेली की ट्रॅक्टरला धरून ठेवणारं काही राहत नाही. सीटजवळ पाण्याची लेव्हल ठेवून ट्रॅक्टर आडवा समतोल आहे का पाहा. तो कललेला असेल तर चराची भिंतही कलते.

इंजिनचा वेग पीटीओ ५४० ला पोचायच्या बराच खाली ठेवून सुरुवात करा. लिव्हर हळू सोडायची सवय लागली की वाढवा. पहिला तासभर मोकळ्या जागेत नुसतं खोदून बुजवण्यात घालवा.

बकेट पूर्ण लांब टाकून सरळ खाली ठोकू नका. दात जमिनीशी ३० ते ४५ अंशांत ठेवा, डिपर आपल्याकडे ओढा आणि त्याबरोबर बकेट थोडी थोडी वळवत चला. एका खेपेत चार-सहा इंचांचा थर काढायचा. खोदण्याचा मुख्य जोर डिपरचा असावा. बूम खाली दाबून बकेट घुसवायला गेलात की पाय उचलले जातात आणि ट्रॅक्टर नाचू लागतो. बकेट अडली, पंप कण्हू लागला, तर लिव्हर लगेच सोडा, थोडं वर घ्या आणि पातळ थर काढा. रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळत असताना जोर देत राहिलात तर तेवढं सगळं बळ तेल तापवण्यात जातं.

बकेट बाजूला घासून माती सारणं, दगड ढकलणं, चराची कड सपाट करणं ही कामं स्विंगच्या जोरावर कधीही करू नका. बूम वर-खाली ताण पेलण्यासाठी बनवलेला असतो. आडव्या ताणाने तो पिळवटतो आणि स्विंगच्या पिना सर्वांत आधी जातात. वापरलेला बॅकहो बघताना म्हणूनच बकेटचं टोक हाताने आडवं हलवून पाहावं. इंचापेक्षा जास्त खेळ असेल तर बुश संपलेत, त्याप्रमाणे भाव करा.

चर पायांपासून दोन फुटांवर आला की थांबा. ट्रॅक्टरखाली खोदत गेलात तर पायाखालची कड सुटते. बकेट आणि पाय उचला, बॅकहोच्या सीटवरून उतरून ट्रॅक्टरच्या सीटवर बसा, तीन-चार फूट पुढे घ्या, पुन्हा बसवा. बकेट जमिनीत रोवून ट्रॅक्टर पुढे ढकलायची युक्ती करताना लोक दिसतात. त्यात सगळा ताण पुन्हा जोडणीवर येतो, शिवाय चालक ब्रेकपासून दूर असतो.

त्र्यंबक, सुरगाणा, पेठच्या उताराच्या रानात ट्रॅक्टर उताराच्या रेषेत उभा करा, आडवा नाही, आणि माती नेहमी वरच्या बाजूला टाका. भरलेली बकेट लांब करून खालच्या बाजूला फिरवणं हे ट्रॅक्टर उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. उपसलेली माती कडेपासून दोन फूट दूर हवी. बागेत जागा नसेल आणि चर तीन फुटांचाच असेल तर दीड फूट चालेल. पाच फुटांपेक्षा खोल चरात माणूस उतरवायचा असेल तर कडा उतरत्या करा किंवा फळ्यांचा टेकू द्या. काळ्या जमिनीच्या भेगा वरून दिसत नाहीत आणि भिंत अख्खीच्या अख्खी कोसळते. यंत्र चालू असताना बूमच्या फेऱ्यात कोणी उभं राहू नये, दोरी धरणारा मदतनीसही नाही.

खोली मोजायला तीन फुटांवर खूण केलेली काठी पुरते. जास्त खोदलं गेलं तर भुसभुशीत माती भरून तळ वर आणू नका, तो पुढे बसतो आणि पाइपचा सांधा उघडतो. भरलीच तर ओली करून ठोका. मुरमाच्या चरात पाइपखाली तीन-चार इंच बारीक माती किंवा वाळू पसरा आणि पाइपवर सहा इंच तीच माती टाका. मुरमाची टोकं दाबाखाली पीव्हीसीला चीर पाडतात. सांध्यांवर माती न टाकता आधी पाणी सोडा, दाब देऊन पाहा, मगच बुजवा. मेनलाइनच्या बाकावर (वळणावर) काँक्रीटचा ठोकळा द्या, नाही तर पंप सुरू होताना बाक सरकतो.

काय बिघडतं, आणि का

सगळ्याच हालचाली मंद झाल्या तर तेलाची पातळी, पीटीओचा वेग आणि खेचण्याच्या बाजूचा फिल्टर पाहा. पंप शिट्टी वाजवत असेल तर त्याला तेल कमी मिळतंय. टाकीत फेस दिसला तर खेचण्याच्या नळीच्या क्लॅम्पमधून हवा आत येतेय. तेल दुधासारखं पांढरं झालं तर पाणी शिरलंय. ते सगळं काढून टाका.

एकच हालचाल मंद असेल किंवा बूम आपोआप खाली येत असेल तर दोष जॅकच्या सीलमध्ये आहे की व्हॉल्व्हमध्ये हे घरीच ओळखता येतं. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, सगळे लिव्हर दोन-तीनदा हलवून दाब काढा. मग व्हॉल्व्हवर बूमचे आणि डिपरचे होस आपसात बदला. तक्रार बूमबरोबर राहिली तर जॅकची सील किट बदला. डिपरकडे गेली तर व्हॉल्व्ह खराब.

होस फुटला तर तो सोबत घेऊन सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसी परिसरातल्या होस क्रिंप करणाऱ्या दुकानात जा आणि आटे मिळवूनच नवा बनवा. नुसतं अर्धा इंच असं सांगितलं की चुकीच्या आट्याचा होस मिळतो आणि तो दाबाखाली सुटतो. दोन तारांच्या जाळीचाच होस घ्या. बारीक गळती कुठे आहे हे हाताने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीत शिरतं आणि जखम किरकोळ दिसली तरी बोट गमवावं लागू शकतं. तसं झालं तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा आणि हायड्रॉलिक तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. गळती पाहायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

ग्रीस रोज, काम सुरू करण्याआधी, प्रत्येक पिनला ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत. स्विंगच्या पिनांना दुपारी पुन्हा. पहिल्या दहा तासांनी सबफ्रेमचे सगळे बोल्ट आवळा आणि नंतर दर ५० तासांनी. पावसाळ्याआधी बॅकहो काढून ठेवताना तो फळ्यांवर उभा करा, जॅकचे दांडे शक्य तेवढे आत घ्या आणि बाहेर राहणाऱ्या चकचकीत भागाला ग्रीस चोपडा. दांड्यावर गंजाचा एक डाग पडला तरी तो पुढच्या हंगामात सील कापतो.